उत्तरेचा जॅझ आणि आपले कान

दापोडीकडून चिंचवडकडे जुन्या मुंबई रस्त्यानें जातांना स्वीडन देश वाटेंत दोन-तीनदां तरी भेटतो. दापोडीस सँडविकचा कारखाना. तेथेंच अॅटलास कॉप्कोच्या पत्त्यांत 'स्वेआनगर' असा शब्द पडला, आणि 'स्वेआ' हें तर स्वीडनचें काव्यांतील नांव. पुढें चिंचवडास एस. के. एफ.चें बेअरिंगांचें काम. १९६० नंतर हे उद्योग येथें रुजले आणि उत्तर यूरोपचीं यंत्रें व हत्यारें पिंपरी-चिंचवडच्या कामगाराच्या हाताखालून जाऊं लागलीं. त्या देशांचें संगीत मात्र पुष्कळ मागाहून व थोड्यांच्याच कानीं आलें. आतां तें मोबाइलवर कोणासही क्षणांत ऐकतां येतें. चाकणचा एखादा तरुण अभियंता तें परतीच्या बसमध्यें ऐकतो, शेजाऱ्यास ऐकवितो, आणि मग मतभेद सुरू होतात.

हें संगीत म्हणजे नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क या देशांतील जॅझ. त्यांतही ज्यांत सूर थोडे आणि मोकळी जागा फार, व ज्यास ऐकणारे 'वातावरणाचें संगीत' म्हणतात तो प्रकार. त्याविषयीं आपल्याकडे जीं मतें ऐकूं येतात तीं बहुधा चार जातींचीं असतात. हा जॅझच नव्हे, यांत ठेका कोठें आहे, असें एक. हें थंड आहे, बर्फांतून आलेलें आहे, असें दुसरें. आणि गंमत अशी कीं, हेंच वाक्य कोणी निंदेनें म्हणतो तर कोणी स्तुतीनें. हा तर आपला आलापच, असें तिसरें. चौथें मत शब्दांत येत नाहीं, वागण्यांत दिसतें: ध्वनिमुद्रिका लावून देऊन श्रोता दुसऱ्या कामास लागतो किंवा झोपीं जातो. हीं मतें एकमेकांस खोडणारीं दिसतात खरीं. परंतु प्रत्येकामागें कानाची एक जुनी संवय आहे, आणि ती संवय ओळखल्यावांचून या संगीताचा न्याय होत नाहीं.

पहिल्या मताचें मूळ मुंबईंत सांपडतें. १९३५ सालीं लिऑन अॅबी याचा अमेरिकन कृष्णवर्णीय वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागला. मागून टेडी वेदरफर्ड आला. गोमंतकीय वादकांनीं ही विद्या त्यांच्यापासून उचलली, आणि त्यांतील अंतोनिओ झेवियर वाझ हा 'चिक चॉकलेट' या नांवानें गाजला. हेच वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास जात. पुणतांब्यास जन्मलेले रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनीं १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटाच्या संगीतांत चिक चॉकलेटचें साहाय्य घेतलें, आणि ज्यानें जॅझ हा शब्दही ऐकला नव्हता त्या मराठी प्रेक्षकाचे पाय त्या तालावर हलूं लागले. पितळी वाद्यांचा झगझगीत आवाज आणि झुलता ठेका, अशी जॅझची मूर्ति तेव्हांपासून आपल्या मनांत बसली आहे. तो झोका निघतो कसा? मात्रेचे दोन भाग सारखे न करतां पहिला लांब व दुसरा आंखूड धरावयाचा, म्हणजे ताल सरळ न चालतां झुलत चालतो. अशा कानावर नॉर्वेच्या यॉन क्रिस्टेन्सनचें ड्रमवादन पडलें तर तो बुचकळ्यांत पडणारच. २०२० सालीं दिवंगत झालेला हा वादक झांजांवर हलक्या हातानें काड्या फिरवीत राही. मात्रा मोजून दाखविण्याचें काम त्यानें जणुं सोडूनच दिलें होतें. लाट येते हें दिसतें, पण ती नेमकी कोणत्या क्षणीं फुटेल तें सांगतां येत नाहीं, तसा त्याचा ताल.

तथापि हा जॅझ अमेरिकेशीं वैर करून जन्मला नाहीं. १९५१ सालीं अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यानें स्टॉकहोममध्यें तेथील वादकांसह वार्मलंड प्रांताचें एक जुनें गीत मुद्रित केलें. 'डिअर ओल्ड स्टॉकहोम' या नांवानें तें अमेरिकेंत रूढ झालें आणि पुढें माइल्स डेव्हिसनेंही तें वाजविलें. १९६४ मध्यें यान योहान्सन या स्वीडिश पियानोवादकाची 'जॅझ पो स्वेन्स्का' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तींत केवळ पियानो व बास, आणि सगळीं गीतें देशी. स्वीडनांत सर्वांत अधिक खपलेल्या जॅझच्या ध्वनिमुद्रिकांत ती गणली जाते. याच सुमारास अमेरिकेंतील वादक उत्तरेस येऊन राहूं लागले. डेक्स्टर गॉर्डन १९६२ पासून कोपनहेगनांत दिसूं लागला. जॉर्ज रसेल हा शास्त्रज्ञ वृत्तीचा रचनाकार १९६४ नंतरचीं कांहीं वर्षें स्कँडिनेव्हियांत होता. डॉन चेरीनें तर स्वीडनांत बिऱ्हाडच केलें. रसेलनें तेथील तरुणांना सप्तकांचा विचार शिकविला, आणि चेरीनें त्यांना त्यांच्याच लोकगीतांकडे वळून पाहावयास लावलें. घरचें धन परक्यानें दाखवून द्यावें, हा प्रकार कांहीं उत्तरेपुरताच नाहीं.

या तरुणांत पुढें सर्वांत नांवाजलेला तो यान गार्बारेक. याचा जन्म १९४७ चा. आज 'नॉर्वेचा स्वर' म्हणून ज्याचें नांव घेतात त्याचे वडील पोलंडचे होते, हें वंशावरून संगीत ठरविणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावें. १९६१ सालीं, चौदा वर्षांचा असतां, त्यानें रेडिओवर जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन ऐकला आणि तें वाद्य हातीं धरण्याचा निश्चय केला. त्याच वर्षीं कोल्ट्रेन न्यूयॉर्कांत 'इंडिया' नांवाची रचना वाजवीत होता. रविशंकरांचें वादन त्याच्या मनांत घर करीत होतें, आणि १९६५ सालीं झालेल्या मुलाचें नांव त्यानें रवि असें ठेवलें. ज्या वादकाचा या मुलानें ध्यास घेतला त्याचें लक्ष असें आधींच आपल्याकडे लागलेलें होतें.

१९६९ सालीं म्युनिक शहरीं मान्फ्रेड आयकर यानें ई. सी. एम. ही ध्वनिमुद्रण संस्था काढली. पुढच्याच वर्षीं सप्टेंबरांत गार्बारेक, तेर्ये रिपडाल, आरिल्ड आंडरसन व क्रिस्टेन्सन या चौघांची 'आफ्रिक पेपरबर्ड' ही ध्वनिमुद्रिका त्यानें नॉर्वेंत मुद्रित केली. थंडपणाचें मत देणाऱ्यानें ती अवश्य ऐकावी. तींत सॅक्सोफोन किंचाळतो, घोगरा होतो, हमरीतुमरीवर येतो. बर्फ तींत औषधाला नाहीं.

मग हें मत आलें कोठून? कांहीं अंशीं तें डोळ्यांतून आलें. या संस्थेच्या वेष्टनांवर ओसाड किनारे, ढग, धुकट क्षितिज यांचीं छायाचित्रें वारंवार असतात, आणि श्रोता तें चित्र आधीं पाहतो व संगीत मागून ऐकतो. तीच तबकडी कोंकणांतील आषाढाच्या चित्रांत गुंडाळून दिली तर तोच गृहस्थ हें संगीत किती ओलें आहे म्हणून सांगेल. परंतु सगळा भार चित्रांवर टाकतां येणार नाहीं; ध्वनींतही त्याचें कारण आहे. या ध्वनिमुद्रिकांपैकीं पुष्कळशा ऑस्लोस यान एरिक कोंग्सहाउग या तंत्रज्ञानें केल्या. १९८४ पासून त्याचा स्वतःचा 'रेनबो' स्टुडिओ होता. दोन दिवस वादन मुद्रित करावयाचें आणि तिसऱ्या दिवशीं त्याचें मिश्रण करून मोकळें व्हावयाचें, अशी तेथील बहुतेक कामांची रीत. या मिश्रणांत स्वराभोंवतीं यंत्रानें घुमारा घालीत. दगडी देवळाच्या गाभाऱ्यांत एक स्वर लावला असतां तो थांबल्यावरही भिंतींवरून परत येत राहतो. तसाच हा घुमारा, पण विजेच्या साहाय्यानें मापून घेतलेला. यांतून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे अशा घुमाऱ्यांत भराभर वाजविलेले सूर एकमेकांत मिसळून गाळ होतो, आणि विरळ वादन मात्र खुलतें. दुसरी गोष्ट कानाच्या ज्ञानाची आहे. जवळ बसलेल्या माणसाचा आवाज कोरडा व थेट येतो, दूरच्याचा प्रतिध्वनींत भिजून येतो. अंतर ओळखण्याची कानाची ही एक मोठी खूण आहे. श्रोत्याला वस्तुतः जाणवतें तें दूरपण. त्यालाच तो थंडपणा म्हणतो.

आणि दूर असलेला मनुष्य काय करतो? तो हांक मारतो. नॉर्वे-स्वीडनच्या डोंगरांत उन्हाळी कुरणांवर गुरें राखणाऱ्या बायका उंच, सरळ, न थरथरणाऱ्या स्वरांत गुरांना बोलवीत. दरीच्या पलीकडे पोंचावा म्हणूनच तो स्वर तसा धारदार. गार्बारेकच्या सॅक्सोफोनाच्या उंच स्वराचें नातें जाणकार या हांकेशीं जोडतात, आणि तें पटण्यासारखें आहे. १९८९ सालीं त्यानें आग्नेस बुएन गार्नोस या गायिकेसह नॉर्वेच्या मध्ययुगीन गीतांची 'रोसेन्सफोले' ही ध्वनिमुद्रिका केली. तींत माणसाचा गळा व त्याचें वाद्य शेजारीं ठेवून तुलना करतां येते. मावळांत या डोंगरावरून त्या डोंगराकडे दिलेली हांक ज्यानें ऐकली आहे त्याला शेवटचा स्वर लांबविण्याचें मर्म समजावून सांगावें लागणार नाहीं. हांकेला थंड कोण म्हणेल?

तिसरें मत आलापाचें. पुण्यांत १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरत आला आहे, आणि त्या मांडवांत तयार झालेले कान पिंपरी-चिंचवडपर्यंत पुष्कळ आहेत. अशा श्रोत्याला हें संगीत पहिल्या पांच मिनिटांत आपलें वाटतें. त्याचें उत्तम उदाहरण म्हणजे डिसेंबर १९७६ मध्यें मुद्रित झालेली गार्बारेकची 'डिस' ही ध्वनिमुद्रिका. या नॉर्वेजियन शब्दाचा अर्थ धुकें. हींत राल्फ टाउनरची गिटार आहे, आणि तिच्याबरोबर एक अपूर्व वाद्य आहे: समुद्रकांठीं उभारलेली वाऱ्याची वीणा. तिला कोणी छेडीत नाहीं. वारा तारांवरून जातो, तारा कंप पावतात, आणि एकाच मूळ स्वराचे वरचे वरचे अंशस्वर कमी-अधिक होत उमटतात. तंबोऱ्याच्या जव्हारींतून जसा न छेडलेला गंधार ऐकूं येतो, तसाच हा प्रकार. अशा भूमीवर सॅक्सोफोन एक सूर धरून बसतो, सोडतो, पुन्हां त्याच सुराकडे येतो. आलाप म्हणावयास आणखी काय पाहिजे?

पुष्कळ कांहीं पाहिजे. आलापांत राग असतो. कोणता स्वर केव्हां दाखवावयाचा व कोणता राखून ठेवावयाचा याचा कायदा असतो, आणि श्रोत्याला तो ठाऊक असल्यामुळें वाट पाहण्याचा आनंद मिळतो. गायकानें तार षड्ज लांबणीवर टाकला कीं सगळा मांडव श्वास रोखून बसतो. पुढें विलंबित ख्याल सुरू झाला म्हणजे मात्रा कितीही ताणलेली असो, सम येणार हें ठरलेलें; ती आली कीं माना डोलतात. उत्तरेच्या या जॅझमध्यें सम नाहीं. वादकांचें एकमेकांशीं बोलणें आहे, एकानें सोडलेली जागा दुसऱ्यानें ओळखून रिकामीच ठेवण्याचें सौजन्य आहे, पण परत येण्याचें असें ठरलेलें ठिकाण नाहीं. म्हणून जो श्रोता पहिल्या पांच मिनिटांत हर्षभरित होतो तोच वीस मिनिटांनीं कंटाळतो. त्याचा कान समेची वाट पाहून थकलेला असतो. हा दोष संगीताचा नव्हे, श्रोत्याचाही नव्हे. आलाप या शब्दानें दिलेलें वचन तेवढें खोटें ठरतें. त्यापेक्षां प्रत्येक सूर कसा लागतो आणि कसा विझतो इतकेंच पाहावें. किराणा घराण्याच्या गायकीचा ज्याला नाद आहे त्याला तें जड जाऊं नये.

या मताची खरी परीक्षा ऑस्लोंतच झाली आहे, आणि ती करणारे वादक आपल्याकडचे होते. १९८४ मध्यें एल. शंकर यांच्या 'साँग फॉर एव्हरीवन' या ध्वनिमुद्रिकेंत गार्बारेकबरोबर झाकीर हुसेन व त्रिलोक गुर्टू बसले. डिसेंबर १९८६ मध्यें झाकीर हुसेन यांची 'मेकिंग म्यूझिक' तयार झाली: बांसरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन, सॅक्सोफोनवर गार्बारेक. २०२४ च्या डिसेंबरांत झाकीर हुसेन निवर्तले तेव्हां अनेकांनीं ती पुन्हां काढून ऐकली असेल. तिच्याविषयीं श्रोत्यांत दोन तट दिसतात. कोणी म्हणतात, चौघेही थोर, पण प्रत्येकजण आपापल्या पाटावर बसून जेवतो. कोणी म्हणतात, हाच खरा संगम. न्याय द्यावयाचा तर असा द्यावा लागेल: बांसरींतील मींड व सॅक्सोफोनाची हांक जेथें एकमेकांसाठीं थांबतात तेथें संगम आहे, आणि गार्बारेक राग वाजविण्याचा आव आणीत नाहीं हें त्याचें शहाणपण आहे. परंतु तबला आला कीं मोजमाप आलें, सम आली. आणि मग ती दूरपणाची जादू विरते. आपल्या श्रोत्याला तेव्हां हायसें वाटतें, उत्तरेच्या चाहत्याला तेव्हांच चुकल्यासारखें होतें. याहून धीट प्रयोग १९९० च्या मे महिन्यांतला. पतियाळा घराण्याचे पाकिस्तानचे उस्ताद फतेह अली खान यांच्यासह केलेल्या 'रागाज अँड सागाज' या ध्वनिमुद्रिकेंत चार राग व एक 'सागा' आहे. येथें गायक आपला राग सोडीत नाहीं. सॅक्सोफोन त्याच्या पाठीमागून, सारंगीचा मान राखून, मधल्या जागा भरतो. रागाचें ज्ञान असलेल्या श्रोत्यानें आलापाच्या मताची शहानिशा करावयाची असेल तर ती येथें करावी. दोन्ही वस्तु एकाच तबकडीवर समोरासमोर आहेत, व त्यांतील फरक दहा मिनिटांत कळतो.

राहिलें चौथें मत, झोपेचें. त्याला आळस म्हणून हिणविणें सोपें आहे. पण या पट्ट्यांतील श्रोत्याच्या बाबतींत त्याला शरीराचेंही एक कारण असूं शकतें. प्रेस शॉपमध्यें किंवा फोर्जिंगच्या घणाजवळ आठ तास काढलेल्या माणसाचा कान पाळी सुटल्यावर कांहीं तास बोथट झालेला असतो. मोठे आवाज त्याला ऐकूं येतात, बारीक येत नाहींत. आंतल्या कानांतील सूक्ष्म केसांच्या पेशी आवाजाच्या माऱ्यानें थकतात, विश्रांति मिळाली तर बहुधा सावरतात, आणि वर्षानुवर्षें मारा चालू राहिला तर कायमच्या जातात. आठ तासांच्या पाळीस ९० डेसिबल ही कारखान्यांच्या नियमांतील मर्यादा याचसाठीं आहे, आणि कानांत घालावयाच्या बोळ्यांचा आग्रहही याचसाठीं. आतां हें संगीत असें कीं, त्याचें निम्में सार अगदीं हळू वाजलेल्या जागांत आणि स्वर विझण्याच्या क्षणांत आहे. थकलेल्या कानाला तें निम्में सार पोंचतच नाहीं. उरतो तो एक मऊ, अस्पष्ट गुंजारव, आणि गुंजारवानें झोप येणें स्वाभाविकच आहे. चाकणच्या रस्त्यावर मोटारीच्या आवाजांत ऐकणाऱ्याचीही तीच गत. अशा स्थितींत दिलेलें मत श्रोत्याच्या कानाविषयीं अधिक सांगतें, तबकडीविषयीं कमी. सुटीच्या दिवशीं, सकाळीं, रात्रभराच्या विश्रांतीनंतर तीच ध्वनिमुद्रिका लावून पाहावी, आणि मग ती नापसंत करावयाची तर खुशाल करावी.

ऐकण्यास आरंभ कोठून करावा असा प्रश्न असेल, तर कीथ जॅरेटच्या पियानोसह १९७७ सालीं मुद्रित झालेली 'माय साँग' घ्यावी. तींत चाल आहे, झोका आहे, आणि क्रिस्टेन्सनच्या झांजाही आहेत. तेथून मागें 'डिस'कडे जावें. ज्याला आपल्या बाजूनें शिरावयाचें आहे त्यानें त्रिलोक गुर्टूचा माग काढावा. बेळगांवास जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचा हा मुलगा, १९५१ सालीं मुंबईंत जन्मलेला. १९८८ च्या 'उस्फ्रेत' या त्याच्या ध्वनिमुद्रिकेंत आईचा आवाज आहे, आणि पुढें गार्बारेकच्या ताफ्यांत तो अनेक वर्षें वाजवीत आला आहे. त्याच्या सरंजामांत पाण्यानें भरलेली एक बादली असते. घंटा किंवा झांज वाजवून तो ती पाण्यांत बुडवितो. पाण्याचें ओझें पडल्यामुळें धातूचा कंप मंदावतो आणि स्वर खालीं उतरतो. बाहेर काढली कीं तो पुन्हां वर चढतो. धातूला मींड घ्यावयास लावण्याचा हा उपाय. हा आवाज फार लहान असतो, दोन-तीन सेकंदांत संपतो, आणि मोबाइलच्या उघड्या कर्ण्यांतून तो बहुतेक ऐकूंच येत नाहीं.